मुरूम : किशोरवयीन आणि तरुणांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी-नववीतील मुलामुलींपासून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात येऊन राहिलेल्या पंचविशीतील तरुणांपर्यंत अनेकांकडून मुरुमांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही मुलांचे स्वतःचे. ही माहिती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मात्र तपासणीपूर्वी काय करावे आणि विशेषतः काय करू नये, हे ठरवताना तिचा उपयोग होईल.

मुरूम नेमके येतात कशामुळे?

त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म नळी असते आणि तिला तेल स्रवणारी ग्रंथी जोडलेली असते. चेहरा, छाती, पाठ आणि खांदे या भागांत या ग्रंथी मोठ्या आणि दाट असल्यामुळे मुरूमही प्रामुख्याने तेथेच येतात. वयात येताना शरीरात अँड्रोजेन गटातील संप्रेरके वाढू लागतात. ती मुलींच्या शरीरातही तयार होतात, आणि त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी मोठ्या होऊन अधिक तेल स्रवू लागतात. त्याच सुमारास नळीच्या आतील मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि नळीचे तोंड बंद होते. आत साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू फोफावतो. हा जिवाणू निरोगी त्वचेवरही असतोच, परंतु बंद नळीत त्याची संख्या वाढली की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला प्रत्युत्तर देते. त्यातून दाह निर्माण होतो आणि लाल, दुखरी किंवा पू भरलेली पुटकुळी दिसू लागते.

तेल वाढणे, नळी बंद होणे, जिवाणू वाढणे आणि दाह होणे, या चार गोष्टी लक्षात ठेवल्या तर उपचार समजणे सोपे जाते. जवळजवळ प्रत्येक औषध यांपैकी एका किंवा दोन गोष्टींवर काम करते, आणि म्हणूनच डॉक्टर सहसा दोन औषधे एकत्र देतात.

१२ ते २४ या वयोगटातील सुमारे ८५ टक्के जणांना कमी-अधिक प्रमाणात मुरूम येतात. आई किंवा वडिलांना तरुणपणी तीव्र मुरूम आले असतील, तर मुलांनाही तसे येण्याची शक्यता बरीच वाढते. त्यामुळे ‘तू चेहऱ्याची काळजी घेत नाहीस’ असे मुलाला सुनावण्यापूर्वी घरातील जुन्या फोटोंचा अल्बम एकदा चाळून पाहावा.

चेहरा अस्वच्छ राहिल्यामुळे मुरूम येतात का? दिवसातून किती वेळा धुवावा?

अस्वच्छतेचा मुरुमांशी फारसा संबंध नाही. नाकावरील काळे ठिपके पाहून तेथे मळ साचला आहे असे वाटते, परंतु तो काळा रंग त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे आणि उघड्या तोंडाशी तेलाचा हवेशी संपर्क आल्यामुळे येतो. कितीही घासले तरी तो निघत नाही. सौम्य फेसवॉशने सकाळी आणि रात्री, तसेच व्यायामाने किंवा उन्हातून येऊन खूप घाम आल्यास आणखी एकदा चेहरा धुणे पुरेसे आहे. वारंवार साबण लावल्याने त्वचेचे संरक्षक आवरण बिघडते, ती कोरडी आणि चिडचिडी होते आणि पुढे लावायची औषधे सहन होत नाहीत. उपनगरांतील ज्या सोसायट्यांमध्ये टँकरचे किंवा बोअरवेलचे कडक पाणी येते, तेथे साबणाचा थर त्वचेवर राहून हा कोरडेपणा अधिक जाणवतो. अशा ठिकाणी साबणाच्या वडीपेक्षा सौम्य द्रवरूप फेसवॉश बरा. दाणेदार स्क्रब मात्र पूर्णपणे टाळावा.

‘अंगातील उष्णता’ किंवा पोट साफ नसणे, हे कारण असू शकते का?

बद्धकोष्ठता असल्यास तिच्यावर जरूर उपचार करावेत, परंतु पोट साफ झाल्याने मुरूम जातात असे दिसत नाही. सब्जा, वाळा, धने-जिऱ्याचे पाणी उन्हाळ्यात पिण्यात काहीही गैर नाही, फक्त त्याला मुरुमांचा उपचार समजून बसू नये. रक्तशुद्धीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काढ्यांबाबतही हेच म्हणता येईल.

मग खाण्यापिण्याचा काहीच संबंध नाही का?

आहे, पण तो बहुतेकांना वाटतो तिथे नाही. तेलकट किंवा तिखट खाल्ल्याने तेच तेल चेहऱ्यावर येते, ही समजूत चुकीची आहे. मिसळीच्या तर्रीला उगाच दोष दिला जातो. ज्या पदार्थांमुळे रक्तातील साखर झपाट्याने वाढते, त्यांचा संबंध अधिक पक्का आहे. असे पदार्थ सतत खाल्ल्याने इन्सुलिन आणि त्याच्यासारखे काम करणारे एक वाढीचे संप्रेरक वाढते, आणि ही दोन्ही तैलग्रंथींना चालना देतात. शीतपेये, मैद्याची बिस्किटे, क्रीमरोल, गोड सिरीयल आणि अभ्यासिकेत रात्री जागताना दर तासाला घेतला जाणारा साखरेचा चहा यांचा समावेश या गटात होतो. दूध, साखर आणि आइस्क्रीम एकत्र आणणारी मस्तानी महिन्यातून एकदा घेतल्याने काही बिघडत नाही. रोज संध्याकाळी घेतल्यास बिघडू शकते.

दुधाचा, त्यातही साय काढलेल्या दुधाचा, मुरुमांशी काही प्रमाणात संबंध आढळला आहे. तरीही वाढत्या वयातील मुलांचे दूध सरसकट बंद करणे योग्य नाही, कारण कॅल्शियम आणि प्रथिनांचा तो मोठा स्रोत असतो. जिमला जाणाऱ्या मुलांनी मात्र एक गोष्ट तपासावी : व्हे प्रोटीन सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत छातीवर, पाठीवर आणि चेहऱ्यावर मुरूम उसळले असतील, तर ते दोन-तीन महिने थांबवून पाहावे आणि प्रथिनांसाठी डाळी, अंडी, सोयाबीन यांचा आधार घ्यावा. शरीर कमावण्यासाठी कोणी ‘इंजेक्शन’ किंवा विनानावाच्या गोळ्या देत असेल, तर त्यांत ॲनाबोलिक स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. त्यांमुळे येणारे मुरूम अतिशय तीव्र असतात आणि शरीराची इतरही गंभीर हानी होते.

दुचाकीवर जाताना चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळते. त्यामुळे मुरूम वाढतात का?

पुण्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो. ऊन आणि धुळीपासून स्कार्फमुळे संरक्षण मिळते, त्यामुळे तो सोडण्याची गरज नाही. परंतु घट्ट गुंडाळलेले कापड, त्याखाली साचणारा घाम आणि सततचे घर्षण यांमुळे हनुवटी, गाल आणि जबड्याच्या कडेला मुरूम येऊ शकतात. हेल्मेटचा पट्टा आणि आतील अस्तर यांमुळेही कपाळावर व हनुवटीवर असेच होते. स्कार्फ सुती आणि सैल असावा, तो रोज धुतलेला असावा आणि कॉलेजात पोहोचल्यावर लगेच काढावा. हेल्मेटचे अस्तर निघत असेल तर दर आठवड्याला धुवावे, निघत नसेल तर आत पातळ सुती टोपी घालावी. हेल्मेट मात्र घालायचेच. मुरुमांचे कारण सांगून त्यातून सुटका नाही.

केसांना खोबरेल तेल लावणे बंद करावे का?

कपाळावर, कानशिलांवर आणि केसांच्या कडेने बारीक, टोकदार, एकसारखे दाणे येत असतील, तर तेलाचा त्यात वाटा असू शकतो. तेल न्हाण्याच्या तासभर आधी लावून शाम्पूने धुऊन टाकावे, रात्रभर ठेवू नये आणि कपाळावर ओघळू देऊ नये. चेहऱ्यावर खोबरेल तेल किंवा साय चोळणे मुरूम येणाऱ्या व्यक्तींनी थांबवावे.

उपचार सुरू करायचे झाल्यास पहिले औषध कोणते?

सौम्य आणि मध्यम मुरुमांसाठी दोन औषधे जगभर पायाभूत मानली जातात : ॲडापालीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड. ॲडापालीन हे रेटिनॉइड गटातील औषध आहे. ते नळीच्या तोंडाशी पेशी चिकटू देत नाही आणि दाहही कमी करते, म्हणजे मुरूम उगवण्यापूर्वीच्या टप्प्यावर काम करते. साधारणपणे ०.१ टक्के जेल वापरले जाते. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते आणि त्याला दाद न देणारे जिवाणू निर्माण होत नाहीत, हा त्याचा मोठा गुण आहे. ते २.५, ५ आणि १० टक्के अशा तीव्रतांत मिळते, २.५ टक्क्यांचा परिणाम बहुतांशी १० टक्क्यांइतकाच होतो आणि जळजळ मात्र कमी होते, म्हणून अधिक आकड्याचा मोह धरू नये.

वापरण्याची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. रात्री चेहरा धुऊन कोरडा करावा, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मटारच्या दाण्याएवढे ॲडापालीन संपूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरावे. केवळ दिसणाऱ्या पुटकुळीवर ठिपका लावल्यास उपयोग होत नाही, कारण पुढच्या महिन्यात जे मुरूम येणार आहेत ते आज डोळ्यांना न दिसणाऱ्या बंद नळ्यांत तयार होत असतात. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ टाळावेत. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावावे, वरून तेलविरहित मॉइश्चरायझर लावावे आणि त्वचा रुळल्यावर रोज सुरू करावे. बेंझॉइल पेरॉक्साइड सकाळी लावता येते. त्यामुळे कपड्यांचा रंग उडतो; उशीचा अभ्रा, टॉवेल आणि आवडती ओढणी यांची काळजी घ्यावी. दिवसा किमान एसपीएफ ३० चे जेल स्वरूपातील सनस्क्रीन लावणे आवश्यक आहे, विशेषतः मार्च ते मे या काळात.

गर्भवती स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी ॲडापालीन व त्याच गटातील ट्रेटिनॉइन वापरू नये. त्यांच्यासाठी ॲझेलाइक ॲसिड हा सुरक्षित पर्याय असून त्याने काळे डागही फिकट होतात.

औषध लावल्यावर त्वचा सोलते, जळजळते आणि मुरूम वाढल्यासारखे वाटतात. थांबवावे का?

पहिल्या दोन ते चार आठवड्यांत रेटिनॉइडमुळे असे होऊ शकते. प्रमाण कमी करावे, दोन दिवसांआड लावावे, आधी मॉइश्चरायझर आणि मग औषध असा क्रम ठेवावा. चेहऱ्यावर सूज, फोड किंवा तीव्र खाज आली, तर मात्र औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

फरक किती दिवसांत दिसतो?

सहा ते आठ आठवड्यांत थोडा, बारा आठवड्यांत बऱ्यापैकी. याच एका मुद्द्यावर बहुतेकांचे उपचार फसतात. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून मैत्रिणीचे क्रीम, मग मोबाइलवर पाहिलेले सीरम, मग मामाच्या ओळखीच्या दुकानातील मलम, अशी अदलाबदल सुरू होते आणि सहा महिन्यांनंतर कोणत्याही एका औषधाला पुरेशी संधी मिळालेली नसते. मुरूम गेल्यावरही रात्रीचे औषध काही महिने चालू ठेवावे लागते, हेही सुरुवातीलाच समजून घ्यावे.

औषधाच्या दुकानातून एक क्रीम आणले आणि चार दिवसांत चेहरा उजळला. तेच चालू ठेवले तर काय हरकत आहे?

हरकत गंभीर आहे. चार दिवसांत चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणाऱ्या क्रीममध्ये बहुधा स्टेरॉइड असते. ट्यूबवरील बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव आहे का, ते भिंग घेऊन वाचावे लागले तरी वाचावे. मोमेटासोन, त्वचेचा रंग फिकट करणारे हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असलेली क्रीम तर ‘फेअरनेस क्रीम’ समजून वर्षानुवर्षे वापरली गेली आहेत.

स्टेरॉइडमुळे लाली आणि सूज दबते, त्यामुळे औषध लागू पडल्याचा भास होतो. काही आठवड्यांत त्वचा पातळ होऊ लागते, गालांवर लाल रेघा दिसू लागतात, लव दाट होते आणि एकाच आकाराचे असंख्य मुरूम येतात. क्रीम थांबवताच चेहऱ्याची आग होते, तो लालबुंद होतो आणि घाबरून पुन्हा तेच क्रीम लावले जाते. या चक्रात अडकलेल्या चेहऱ्यांची संख्या आपल्याकडे इतकी वाढली की भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला त्यासाठी स्वतंत्र कृतिगट नेमावा लागला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइडचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत केला. तरीही ‘पिंपलवर काहीतरी द्या’ असे म्हटल्यावर काउंटरवरून अशी ट्यूब सरकवली जाते. स्पष्टच सांगायचे तर, उपचार न घेतलेल्या सौम्य मुरुमांपेक्षा अशा क्रीमने बिघडलेला चेहरा सुधारणे कितीतरी अवघड असते.

असे क्रीम महिन्याहून अधिक काळ लावले असेल तर ते स्वतःच्या मनाने अचानक बंद करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवावी. ते कसे सोडवायचे आणि मधल्या काळात होणारी आग कशी कमी करायची, हे ते ठरवतील. चेहरा पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात.

हळद, चंदन, मुलतानी माती, लिंबू असे घरगुती उपाय चालतील का?

डाळीचे पीठ किंवा मुलतानी माती आठवड्यातून एखाद्या वेळी लावल्याने तेलकटपणा तात्पुरता कमी होतो. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नये आणि औषधांनी त्वचा सोलत असताना तेही टाळावे. लिंबू मात्र चेहऱ्यावर अजिबात लावू नये. त्याचा रस तीव्र आम्लधर्मी असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे पडतात. टूथपेस्टनेही त्वचा पोळते. पाकिटावर घटकांची नावे नसलेले ‘आयुर्वेदिक’ क्रीम कोणी देत असेल, तर ते घेऊ नये. अशा डबीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

अँटिबायोटिक गोळ्या किती काळ घ्याव्यात?

शक्य तितका कमी काळ, साधारणतः तीन ते चार महिन्यांच्या आत. मध्यम ते तीव्र, लालसर आणि पू भरलेल्या मुरुमांसाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन दिली जाते. ती भरपूर पाण्यासोबत, जेवणानंतर घ्यावी आणि घेतल्यावर किमान अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. तिच्यामुळे त्वचा उन्हाने लवकर भाजते. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत. क्लिंडामायसिनचे जेल एकटे महिनोन्महिने लावल्यास जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून गोळी असो वा जेल, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असावे. मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा आणणे टाळावे.

आयसोट्रेटिनॉइनची गोळी धोकादायक असते असे ऐकले. मुलाला द्यावी का?

अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेले हे औषध तीव्र मुरुमांवरील सर्वांत प्रभावी औषध आहे. मुरूम होण्याच्या वर सांगितलेल्या चारही कारणांवर परिणाम करणारे एकमेव औषध अशी त्याची ओळख आहे. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील किंवा इतर उपचार नेटाने करूनही उपयोग झाला नसेल, तर ते देण्यास विलंब करणे हेच अधिक नुकसानीचे ठरते, कारण एकदा पडलेला खड्डा पूर्णपणे भरून येत नाही.

मात्रा वजनानुसार ठरते. सर्वसाधारणपणे प्रतिकिलो ०.५ ते १ मिलिग्रॅम रोज आणि संपूर्ण उपचारात प्रतिकिलो १२० ते १५० मिलिग्रॅम असे गणित मांडले जाते. म्हणजे ५० किलो वजनाच्या मुलाला एकूण ६,००० ते ७,५०० मिलिग्रॅम, आणि रोज २५ मिलिग्रॅम घेतल्यास किमान आठ महिने. आपल्याकडे अनेक डॉक्टर यापेक्षा कमी मात्रा देतात, ज्यामुळे त्रास कमी होतो. गोळी जेवणासोबत घ्यावी, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर ती अधिक चांगली शोषली जाते.

ओठ कोरडे पडून फुटणे जवळजवळ प्रत्येकाला होते. सोबत लिप बाम ठेवावे. डोळे कोरडे होणे, नाकातून किंचित रक्त येणे, अंग दुखणे आणि रात्री कमी दिसणे या तक्रारी काहींना जाणवतात. शेवटची तक्रार असल्यास रात्री दुचाकी चालवू नये. यकृताच्या कार्याची आणि रक्तातील चरबीची तपासणी सुरुवातीला आणि उपचारादरम्यान करतात. या काळात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन, मद्य आणि वॅक्सिंग टाळावे. कॉलेजातील किंवा गणेशोत्सवातील रक्तदान शिबिरात नाव नोंदवू नये. शेवटच्या गोळीनंतर एक महिना उलटेपर्यंत रक्तदान चालत नाही, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला दिले जाऊ शकते.

कारण या औषधाचा सर्वांत मोठा धोका गर्भाला आहे. त्याने बाळात अतिशय गंभीर जन्मजात व्यंगे निर्माण होतात. म्हणून मुलींना आणि स्त्रियांना ते देण्यापूर्वी गर्भधारणा चाचणी करतात, आणि सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून बंद केल्यानंतर एक महिन्यापर्यंत गर्भधारणा होणार नाही याची खात्री ठेवावी लागते. आईसमोर हा विषय निघाला की खोलीत अवघडलेपण येते. अशा वेळी डॉक्टरांनी मुलीशी काही मिनिटे एकटीने बोलणे आणि आईनेही बाहेर थांबण्यास मनमोकळेपणाने तयार होणे, हे उपचाराचाच भाग समजावे. मनःस्थितीत बदल जाणवल्यास, म्हणजे सतत उदास वाटणे किंवा टोकाचे विचार येणे असे झाल्यास, लगेच डॉक्टरांना कळवावे. दुष्परिणामांची ही यादी लांबलचक असली, तरी देखरेखीखाली घेणाऱ्या बहुतेकांचे उपचार सुरळीत पार पडतात.

पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर मुरूम येतात. पीसीओएस (बीजकोश आणि संप्रेरकांशी संबंधित विकार) असेल का?

असू शकते. हनुवटीवर किंवा वरच्या ओठावर जाड केस, डोक्यावरील केस विरळ होणे, मानेवर काळसर जाडसर त्वचा यांपैकी काही सोबत असल्यास तपासणी करावी. परंतु पहिल्या पाळीनंतरची दोन-तीन वर्षे चक्र अनियमित असणे स्वाभाविक मानले जाते. शिवाय पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचे बीजकोशही तसेच दिसू शकतात. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात सोनोग्राफीचा कागद देऊन तिच्यावर आयुष्यभराचा शिक्का मारण्याची घाई होते, ती टाळली पाहिजे.

निदान झाल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने संप्रेरकांच्या गोळ्या किंवा अँड्रोजेनचा परिणाम रोखणारी स्पायरोनोलॅक्टोन दिली जाते. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी असल्यास इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे ही माहिती लपवू नये.

वय सव्वीस झाले, तरी मुरूम येतात. हे कसे?

विशीनंतरही, विशेषतः स्त्रियांमध्ये, मुरूम येत राहणे किंवा प्रथमच सुरू होणे सर्रास आढळते. ‘लग्न झाल्यावर जातील’ या आश्वासनाला आधार नाही. उपचार तेच राहतात.

कपाळावर आणि छातीवर एकसारखे बारीक दाणे आहेत आणि खूप खाजतात. हेही मुरूमच का?

मुरुमांना सहसा खाज नसते. एकसारखे, खाजणारे दाणे आणि काळे-पांढरे ठिपके नसणे, हे मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीमुळे केसांच्या मुळांना होणाऱ्या दाहाचे लक्षण असू शकते. पावसाळ्यात, दमट कपडे अंगावर राहिल्यास आणि अँटिबायोटिक चालू असताना ते वाढते. त्यावर बुरशीविरोधी औषध लागते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, फिट्सवरील फेनिटॉइन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांमुळेही मुरुमांसारखे दाणे येतात. तरीही क्षयरोगाचे औषध स्वतःहून कधीही थांबवू नये.

मुरूम फोडला तर लवकर बसतो ना?

नाही. दाह खोलवर पसरतो आणि डाग किंवा खड्डा पडण्याची शक्यता वाढते. पार्लरमध्ये काढून घेतानाही हेच होते.

डाग आणि खड्डे जातात का?

दोन्ही वेगळे आहेत. मुरूम गेल्यावर राहणारे तपकिरी किंवा काळे डाग सपाट असतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णात ते अधिक ठळक दिसतात, परंतु काही महिन्यांत फिकट होतात. सनस्क्रीन, ॲझेलाइक ॲसिड आणि रात्रीचे ॲडापालीन यांनी हा काळ कमी होतो. खड्डे म्हणजे त्वचेच्या आतील आधार नष्ट झाल्याची खूण. अरुंद व खोल खड्ड्यांवर तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक) आम्ल नेमके खड्ड्यातच लावणे, उथळ लाटांसारख्या खड्ड्यांवर आतील तंतू सोडवणारी सबसिजन ही क्रिया, आणि यांच्या जोडीला मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला सूक्ष्म छिद्रे पाडणे) किंवा लेसर असे प्रकारानुसार उपचार ठरतात. त्यांनी सुधारणा होते, पण त्वचा पूर्वीसारखी होत नाही. नवे मुरूम येत असताना खड्ड्यांवर पैसे खर्च करू नयेत. दहा सत्रांचे ‘पॅकेज’ आधीच भरून घेणाऱ्या ठिकाणी सही करण्यापूर्वी घरी येऊन एक रात्र विचार करावा.

बहिणीचे लग्न चार दिवसांवर आले आणि गालावर मोठी गाठ आली. काय करावे?

त्वचारोगतज्ज्ञ अशा एका गाठीत अत्यल्प स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात आणि ती दोन-तीन दिवसांत बसते. हा उपाय केवळ अशा प्रसंगासाठी आहे. तेथे त्वचा तात्पुरती खचण्याचा धोका असतो. लग्नाच्या आठवड्यात नवे फेशियल किंवा ब्लीच करून पाहू नये.

मुलगा मुरुमांमुळे घराबाहेर पडत नाही. ‘वयात आल्यावर होतेच’ असे समजावले, तरी ऐकत नाही.

त्याला होणारा त्रास खरा आहे, हे प्रथम मान्य करावे. मुरुमांच्या तीव्रतेवरून मनाच्या त्रासाचा अंदाज बांधता येत नाही. मोजक्या पुटकुळ्यांमुळेही एखादा मुलगा वर्गातील फोटोतून पळ काढतो. नातेवाइकांनी दारात पाऊल टाकताच ‘अरे, चेहऱ्याला काय झाले?’ असे विचारणे आईवडिलांनी ठामपणे थांबवावे. झोप, जेवण किंवा अभ्यास यांवर परिणाम होत असल्यास किंवा जगण्याविषयी निराशेची भाषा ऐकू आल्यास विलंब न करता मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे केव्हा आणि कोठे जावे?

तीन महिने नीट उपचार करूनही फरक पडत नसेल, खोल गाठी किंवा खड्डे असतील, किंवा स्टेरॉइडचे क्रीम वापरले गेले असेल, तर जावे. मुरुमांसोबत ताप, सांधेदुखी आणि गाठी फुटून जखमा होणे असे झाल्यास त्याच दिवशी दाखवावे. हा दुर्मीळ पण तातडीचा प्रकार आहे.

पुणे स्टेशनजवळील ससून सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि शहरातील इतर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही सोय असते. खासगी दवाखाना निवडताना पाटीवरील ‘स्किन’ किंवा ‘कॉस्मेटिक’ या शब्दांपेक्षा डॉक्टरांची त्वचारोगातील पदव्युत्तर पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा. जाताना आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या झालेल्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात, चालू असलेल्या गोळ्यांची नावे लिहून घ्यावीत, मुलींनी शेवटच्या पाळीची तारीख सोबत ठेवावी आणि चेहऱ्यावर मेकअप लावू नये.